भिंत कुठे फाटली?

(नागपूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्यांच्या हाताखाली मी मेडिकलमध्ये शिकलो. सरांची एक सवय होती. राउंडला आले की खाटेशी उभे राहायचे आणि रुग्णाची दोन्ही मनगटं एकाच वेळी हातात घ्यायचे. उजव्या मनगटावर डावा हात, डाव्या मनगटावर उजवा. डोळे मिटून काही क्षण तसेच उभे. आम्हा पोरांना वाटायचं, ही जुन्या लोकांची पद्धत असेल. एक नाडी मोजली की झालं, दुसरी कशाला? सरांनी कारण सांगितलंही होतं, पण आम्ही ते परीक्षेपुरतं लिहून घेतलं. ते मला खरं कळलं पुढे, आणि त्याची किंमत मी दिली नाही, दुसऱ्याच कुणी दिली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी विदर्भातल्याच एका जिल्ह्याच्या गावी नोकरीवर होतो. रात्री अकराच्या सुमारास एका गृहस्थांना त्यांच्या मुलांनी जीपमधून आणलं. वय पन्नाशीच्या थोडं पुढे. घामाने शर्ट ओला. छातीत दुखतं का विचारलं तर म्हणाले, “छातीत आलं, अन् मंग पाठीत गेलं जी. कोनं कोयत्यानं चिरत नेल्यासारखं.” कार्डिओग्रामवर थोडे बदल होते. आम्ही हार्ट अटॅक समजलो. त्या काळात रक्ताची गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज आमच्याकडे नुकतंच मिळू लागलं होतं आणि ते लवकरात लवकर द्यायचं हे आमच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. डाव्या हाताला सलाइन लावताना सिस्टर म्हणाल्या, “सर, या हाताला नाडी लागत नाही.” मी म्हणालो, “शॉकमध्ये आहेत, उजव्या हाताला बघा.” इंजेक्शन दिलं. पहाट व्हायच्या आत ते गेले.

शवविच्छेदन झालं नाही. पण ते वाक्य, “या हाताला नाडी लागत नाही,” माझ्या कानातून गेलेलं नाही. महाधमनीची भिंत फाटली होती, आणि मी गुठळी विरघळवणारं औषध देऊन ती फाट उघडी ठेवली, असं मी आज मानतो. म्हणून जेव्हा संयोजकांनी विषय विचारला, तेव्हा मी दुसरा विषय शोधला नाही.

तर ही महाधमनी म्हणजे काय? आम्ही डॉक्टर मंडळी तिला एओर्टा म्हणतो. हृदयातून निघणारी शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. हृदयाच्या वर चढते, मेंदूला आणि हातांना फाटे देते, छडीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याला टेकून खाली पोटात उतरते. रुंदी साधारण तीन सेंटिमीटर, भिंतीची जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास. या दोन मिलिमीटरवर दिवसाला सुमारे लाखभर ठोके आदळतात. भिंतीला तीन थर असतात. रक्तदाब वर्षानुवर्षं वाढलेला असेल, किंवा मारफानसारख्या जन्मजात विकाराने थर कच्चे असतील, तर एखाद्या दिवशी आतल्या थराला चीर पडते.

मग काय होतं? शिंप्याकडून आणलेला कोट आठवा. आतलं अस्तर बाहीपाशी उसवलेलं असेल तर घाईत हात घालताना तो बाहीत जात नाही, अस्तर आणि कापडाच्या मधे शिरतो. जेवढा जोर लावाल तेवढं अस्तर आणखी उसवत जातं. रक्ताचं तसंच होतं. ते आपली वाट सोडून दोन थरांच्या मधे शिरतं आणि प्रत्येक ठोक्यासरशी पुढे पुढे उसवत जातं. वाटेत ज्या फाट्याचं तोंड दाबलं जाईल त्या अवयवाचं रक्त तुटतं. हाताचं तुटलं तर नाडी जाते. मेंदूचं तुटलं तर माणूस पॅरालिसिस घेऊन येतो. मूत्रपिंडाचं, आतड्याचं, पायाचं, कशाचंही तुटू शकतं. याला आम्ही डिसेक्शन म्हणतो. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज याच रोगाने 25 ऑक्टोबर 1760 च्या सकाळी अचानक कोसळला. निकोल्स नावाच्या वैद्याने शव उघडलं तेव्हा हृदयाभोवतीची पिशवी रक्ताने भरलेली होती आणि महाधमनीत चीर होती. त्या काळी करण्यासारखं कुणाच्याच हाती काही नव्हतं. पुढची दोनशे वर्षं जवळजवळ तशीच गेली.

आज हातात दोन गोष्टी आहेत. औषध आहे, शस्त्रक्रिया आहे. लोक विचारतात, डॉक्टर, यातलं चांगलं कोणतं? मी उलट विचारतो, भिंत कुठे फाटली?

1970 साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी एक साधी विभागणी केली, आणि ती आजही चालते. हृदयातून वर चढणाऱ्या भागात फाट असेल तर अ प्रकार. तो भाग सुटला असेल आणि फाट डाव्या हाताचा फाटा निघाल्यानंतर, पाठीकडे उतरणाऱ्या भागात असेल तर ब प्रकार. अ प्रकारात रक्त मागे हृदयाच्या पिशवीत उतरू शकतं, हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या दाबू शकतं, झडप निकामी करू शकतं. जुन्या नोंदींमध्ये असं दिसे की पहिल्या दोन दिवसांत तासागणिक शंभरातला एखाद-दुसरा रुग्ण दगावतो. अलीकडच्या नोंदींत तो वेग थोडा कमी दिसतो, पण तासांचा हिशोब तासांचाच आहे. म्हणून अ प्रकाराला शस्त्रक्रिया. ब प्रकारात, गुंतागुंत नसेल तर, औषध. एवढं सूत्र एका ओळीत बसतं. पण ही ओळ तयार व्हायला किती माणसं लागली, आणि त्यातला एक माणूस आपल्या मुंबईचा होता, हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही.

आधी शस्त्रक्रिया आली. अमेरिकेत ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1955 साली डिसेक्शनवरच्या शस्त्रक्रियेचा अनुभव प्रसिद्ध केला. खराब भाग कापून काढायचा आणि गरज पडेल तिथे त्या जागी नळी शिवायची, पुढे डेक्रॉन या कृत्रिम कापडाची, ही कल्पना. या डिबेकींनी पहिल्या नळ्या दुकानातून कापड आणून घरच्या शिलाई मशीनवर स्वतः शिवल्या होत्या. माझ्या आजोबांचं दर्जीचं दुकान होतं, त्यामुळे मला ही गोष्ट फार जवळची वाटते. पण त्या काळात ऑपरेशन टेबलावरच फार रुग्ण दगावत. मग फ्लोरिडाच्या मायरन व्हीट नावाच्या शस्त्रवैद्याने, लक्षात घ्या, स्वतः सर्जन असलेल्या माणसाने, 1965 साली मांडलं की काही रुग्णांना आपण कापूच नये. आधी हृदयाचा जोर उतरवावा. रक्तदाब तर कमी करावाच, पण प्रत्येक ठोक्याचा जो धक्का भिंतीवर बसतो, त्या धक्क्याची धार बोथट करावी. अस्तरात शिरलेल्या हाताचा जोर काढून घेतला की अस्तर आणखी उसवत नाही.

आणि त्यांनी वापरलेल्या औषधांत एक होतं रेसरपिन. रेसरपिन कशातून आलं? सर्पगंधेच्या मुळीतून. आपल्या वैद्यांना शतकानुशतकं ठाऊक असलेली ही मुळी. 1931 साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा रक्तदाबावरचा परिणाम लिहून ठेवला. पण जगाने ऐकलं ते 1949 साली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या 50 रुग्णांवर सर्पगंधा वापरून, आकडे नीट मांडून, ते ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसरपिन वेगळं केलं. 1957 साली वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. अमेरिकेत टर्की पाळणाऱ्यांचे पक्षी महाधमनी फुटून पटापट मरत, आणि खाद्यात रेसरपिन मिसळलं की ते मरण कमी होई, हेही त्या काळात दिसून आलं होतं. परळच्या वॉर्डातून निघालेलं औषध टर्कीच्या खुराड्यापर्यंत आणि तिथून डिसेक्शनच्या रुग्णापर्यंत गेलं. आज आम्ही रेसरपिन वापरत नाही, ते मन उदास करतं. त्याच्या जागी एस्मोलॉल, लॅबेटालॉल, मेटोप्रोलॉल आहेत. पण विचार तोच. नाडी साठच्या खाली, वरचा रक्तदाब शंभर ते एकशेवीसच्या दरम्यान. वेदना थांबवा, कारण वेदनेनेही दाब चढतो. आणि एक गोष्ट माझ्या तरुण मित्रांसाठी मुद्दाम सांगतो. आधी नाडी आवरा, मग रक्तवाहिन्या सैल करणारं औषध द्या. उलट केलंत तर दाब उतरतो पण हृदय घाबरून जोरात धावतं, आणि भिंतीवरचा धक्का वाढतो.

म्हणून मला ‘औषध की शस्त्रक्रिया’ हा प्रश्नच थोडा चुकीचा वाटतो. पेंचहून नागपूरला पाणी आणणारी मोठी पाइपलाइन कुठे तडकली तर महापालिकेची माणसं काय करतात? आधी वॉल्व्ह फिरवून दाब उतरवतात. वेल्डर नंतर येतो. तडा छोटा असेल, आडबाजूला असेल, तर दाब कमी ठेवून काम चालतं. मुख्य जोडावर असेल तर वेल्डरशिवाय गत्यंतर नाही. पण वॉल्व्ह मात्र दोन्ही वेळी फिरवावाच लागतो. औषध प्रत्येकाला लागतं, पहिल्या मिनिटापासून. ऑपरेशनला जाणाऱ्यालाही.

आता आकडे. 1996 पासून अनेक देशांतल्या रुग्णालयांनी मिळून डिसेक्शनची एक नोंदवही ठेवली. 2000 साली 464 रुग्णांचा पहिला हिशोब आला. अ प्रकारात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे 26 टक्के दगावले, केवळ औषधावर ठेवलेल्यांपैकी 58 टक्के. ब प्रकारात औषधावर असलेल्यांपैकी सुमारे 11 टक्के, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 31 टक्के. आकडे बोलतात, पण अर्धंच बोलतात. अ प्रकारात औषधावर कोण राहिले? बहुधा जे फार वयस्क होते, फार खचलेले होते, ज्यांना टेबलावर घ्यायची हिंमत होत नव्हती. ब प्रकारात ऑपरेशन कुणाचं झालं? ज्यांचे पाय थंड पडले होते, आतडी काळी पडत होती, भिंत गळत होती. म्हणजे ऑपरेशनने मारलं असं नव्हे. आधीच मरणाच्या दारात असलेल्यांना ऑपरेशनला नेलं होतं.

आणि मधली जमीन आहे, तिथे अजूनही वाद आहेत. कधी कधी आतली चीर दिसत नाही, पण भिंतीच्या आतच रक्त साकळतं. ते वरच्या भागात असेल तर पाश्चात्त्य देशांत बहुतेक लगेच ऑपरेशन करतात. जपान आणि कोरियातल्या डॉक्टरांनी मात्र निवडक रुग्णांना औषधावर ठेवून, वारंवार स्कॅन करून, चांगले निकाल दाखवले आहेत. माझं मत विचाराल तर, जिथे रात्री दोन वाजता पुन्हा स्कॅन होऊ शकतो आणि तासाभरात ऑपरेशन थिएटर उघडू शकतं, तिथेच वाट बघण्याचा हक्क आहे. जिथे हे नाही तिथे वाट बघणं म्हणजे नशिबावर सोडणं.

ब प्रकारात आता जांघेतून वायरवर सरकवून आत बसवायची जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, आली आहे. छाती उघडावी लागत नाही. गुंतागुंत झालेल्यांसाठी तिने चित्र पालटलं. गुंतागुंत नसलेल्यांचं काय? 140 रुग्णांवरच्या एका युरोपीय चाचणीत दोन वर्षांनंतर स्टेंटचा फायदा दिसला नाही. त्याच रुग्णांना पाच वर्षं बघितलं तेव्हा दिसला. दोन वर्षांनी थांबलो असतो तर वेगळं शिकलो असतो. वैद्यकात घाईने निकाल देऊ नये, याला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता डिबेकींकडे परत येतो, कारण त्यांची गोष्ट मला या सगळ्या प्रश्नाच्या गाभ्यात नेते. 31 डिसेंबर 2005. डिबेकी 97 वर्षांचे. घरी एकटे, व्याख्यानाची तयारी करत होते. छातीपासून मानेपर्यंत भयंकर कळ आली. निदान त्यांना स्वतःलाच सुचलं. आयुष्यभर ज्या रोगावर त्यांनी शस्त्रक्रिया बांधली, ज्याचं वर्गीकरण त्यांच्या नावाने चालतं, तो रोग त्यांच्याच छातीत. आणि त्यांनी काय ठरवलं? ऑपरेशन नको. या वयात नको. काही आठवडे त्यांनी औषधांवर आणि विश्रांतीवर काढले. फाट वाढत गेली, ते बेशुद्धीकडे गेले. भूलतज्ज्ञ कचरत होते. रुग्णालयाची नीतिसमिती बसली. त्यांच्या पत्नीने समितीसमोर येऊन सांगितलं की ऑपरेशन करा. फेब्रुवारी 2006 मध्ये, त्यांच्याच शिष्यांनी, त्यांनीच घडवलेली शस्त्रक्रिया त्यांच्यावर केली. अनेक महिने ते रुग्णालयात होते. मग घरी गेले, पुन्हा काम करू लागले, आणि जुलै 2008 मध्ये, 99 वर्षांचे असताना गेले. ऑपरेशन झालं हे बरं झालं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

मी ही गोष्ट सांगतो ती ‘ऑपरेशन जिंकलं’ म्हणून नव्हे. ज्याला यातलं सगळ्यात जास्त कळत होतं त्याचाही निर्णय सोपा नव्हता, म्हणून सांगतो. मग रात्री एक वाजता आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या मुलाने तो कसा घ्यावा?

तो प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे. दोन भाऊ, एक मामा, आई साडीचा पदर तोंडाशी धरून. मामा विचारतात, “डॉक्टरसाहेब, छाती फाडल्याशिवाय जमन नाही का जी?” आम्ही सांगतो, शरीर थंड करावं लागेल, काही मिनिटं रक्ताभिसरण थांबवावं लागेल, रक्ताच्या कितीतरी बाटल्या लागतील, आणि तरी खात्री नाही. धाकटा मुलगा म्हणतो, “गोळ्या देऊन सकाळी बघू.” यात त्या मुलाचा दोष नाही. आम्ही त्याच्यासमोर दोन पर्याय जणू सारखे ठेवले, म्हणून त्याला ते सारखे वाटले. अ प्रकारात ते सारखे नसतात. अशा वेळी डॉक्टरने हात झटकून ‘तुम्ही ठरवा’ म्हणू नये. ‘माझ्या वडिलांना असं झालं असतं तर मी याच क्षणी ऑपरेशनला पाठवलं असतं’ असं स्पष्ट बोलावं. आणि नव्वदीच्या, आधीच अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत, ‘आपण वेदना थांबवू आणि इथेच थांबू’ असंही तितक्याच स्पष्टपणे बोलावं.

पण नागपुरातली, विदर्भातली खरी अडचण याच्याही आधीची आहे. नागपुरात आज सुपर स्पेशालिटी आहे, एम्स आहे, स्टेंट बसवणारे आणि महाधमनी बदलणारे हात आहेत. छिंदवाड्याहून, बालाघाटहून, राजनांदगावहून रुग्ण इथे येतात. गडचिरोली इथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि सिरोंचा गडचिरोलीच्याही पुढे दोनेकशे. 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका धावते आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण तासागणिक हिशोब असलेल्या रोगात तो पाच-सात तासांचा प्रवास रुग्ण कशाच्या भरवशावर करतो? निघताना कुणी नाडी आवरली आहे का? आणि त्याहून आधी, हा हार्ट अटॅक नाही अशी शंका कुणाच्या मनात आली आहे का?

शंका यायला महागडं यंत्र लागत नाही. अचानक, पहिल्याच क्षणी टोकाला पोचलेली कळ. पाठीत सरकणारी. दोन हातांच्या रक्तदाबात मोठा फरक. छातीच्या एक्स-रेत रुंद झालेली सावली. यातलं काही दिसलं तर गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन हातातून खाली ठेवा आणि आधी सीटी स्कॅन करा. स्कॅन जवळ नसेल तर नाडी आणि दाब उतरवून, वेदना थांबवून, नागपूरच्या डॉक्टरांना फोन करून मगच गाडी हलवा. शंका खोटी निघाली तर काही मिनिटं गेली. खरी निघाली आणि आपण ती घेतलीच नाही, तर काय होतं ते मी सुरुवातीला सांगितलं.

आणखी एक. जे वाचतात त्यांचं पुढे काय? औषध असो की शस्त्रक्रिया, उरलेली महाधमनी तीच असते, तेवढीच नाजूक. पहिल्या वर्षात काही वेळा आणि नंतर दरवर्षी स्कॅन, आणि गोळ्या आयुष्यभर. अशा रुग्णाच्या सख्ख्या भावंडांची आणि मुलांचीही एकदा तपासणी व्हायला हवी, कारण काही घराण्यांत हा दोष वारशाने येतो. उत्तम ऑपरेशन होऊन घरी गेलेला माणूस सहा महिन्यांनी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी सोडतो. किंवा पट्टी संपली, शेतीची कामं आली, दुकान दूर होतं. मग वर्षभराने तो पुन्हा येतो, आणि या वेळी फाट दुसऱ्या जागी असते.

सरांची ती सवय मी पुढे उचलली. आता निवृत्त झालो, तरी कुणी ओळखीचा माणूस छातीत दुखतं म्हणून दारात आला की माझे दोन्ही हात आपोआप त्याच्या दोन्ही मनगटांवर जातात. जिल्ह्याजिल्ह्यांत रात्रपाळी करणाऱ्या तरुण डॉक्टरांना माझी एवढीच विनंती आहे की दाब दोन्ही हातांना बघा, आणि सिस्टर काही म्हणाल्या तर ऐकून घ्या. बाकी सगळ्यांना, म्हणजे ज्यांच्या घरी रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी टीव्हीजवळ किंवा देवघराच्या फळीवर ठेवलेली असते त्यांना, सांगणं असं की आज घरी पोचल्यावर ती पट्टी हातात घ्या आणि आजची गोळी घेतली गेली आहे ना, ते बघा.